मदत हवी आहे: स्प्रे मारल्यावर मुंग्या उलट वाढल्या

किचनच्या स्विचबोर्डमधून एकदम बारीक, जेमतेम २ मिमीच्या पिवळसर मुंग्या निघतायत, पोटाचं टोक जरा काळपट, चावत नाहीत पण तुपाच्या डब्यावर आणि बाळाच्या दुधाच्या बाटलीवर लगेच जमतात. हळद टाकली, खडूच्या रेघा मारल्या, शेवटी स्प्रे मारला तर आता बाथरूममधूनही रांग सुरू झालीय! या फॅरो मुंग्याच ना? त्यांच्यात राण्या खूप असतात आणि स्प्रे मारला की त्यांचा गट फुटून नवीन बिळं करतात, म्हणून तो बंद केलाय. आता साखरेच्या पाण्यात बोरिक पावडर घालून ठेवायचीय, पण प्रमाण किती घेऊ, जास्त झालं तर मुंगी बिळात पोचायच्या आधीच मरेल ना? आणि बाळ रांगतंय हो, ते बोरिकचं पाणी ठेवायचं कुठे तेही सांगा प्लीज.