दसऱ्याच्या सुट्टीत कोंडुऱ्याची एकदिवसीय सहल: कोणता दिवस निवडावा?

प्रश्न (शहापूर, बेळगाव): आई-बाबा आणि दोन मुलांना घेऊन पहाटे निघावे, आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याजवळच्या कोंडुरा किनाऱ्यावर जावे आणि रात्री परतावे, असा बेत आहे. गोव्याची गर्दी नेहमीचीच. काळ्या खडकांवर आपटणाऱ्या लाटा मुलांना एकदा दाखवायच्या आहेत. लाटांचा जोर पाहता कोणता दिवस सोयीचा आणि मुलांना पाण्यात कितपत सोडावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (माहेर वेंगुर्ला, सासर खानापूर): दिवस तिथी पाहून निवडा. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची ढोबळ वेळ काढतात; त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. दुर्गाष्टमीला भरती सकाळी सहाच्या आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास असते, शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असल्याने पाणी फारसे चढत नाही. खंडेनवमीची गाडीची पूजा आणि दसऱ्याचे सोने चुकवता येत नसेल, तर एकादशीला निघा. त्या दिवशी ओहोटी दोनच्या सुमारास पूर्ण होते, त्यामुळे आंबोलीत चहाला थांबूनही घाई होणार नाही. कोजागरीला मात्र ऐन दुपारी उधाणाची भरती असते. तेव्हा त्या खडकांवर मुलांना नेऊच नये.

उत्तर (निपाणी): या हिशेबाने खडकांवर जाण्याची वेळ कळते, पोहण्याची मुभा मिळत नाही. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत आणि गडद दिसतो. किनाऱ्यावर आलेले पाणी तिथूनच समुद्राकडे परतत असते आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. वेदगंगेत पोहायला शिकलेल्यालाही ही ओढ ठाऊक नसते. कोणी सापडलाच, तर त्याने किनाऱ्याकडे झुंजत न येता आधी किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडावे. मुलांना घोट्याभर पाण्यापलीकडे सोडू नका. खडकाचा हिरवट भाग शेवाळाचा असतो, त्यावर रबरी चपला हमखास घसरतात. पट्ट्याच्या सँडल घाला.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. एकादशीच ठरवतो. आईचा उपवास असल्याने डब्यात साबुदाण्याची खिचडी असेल आणि वेंगुर्ल्यातील माशांचे ताट आम्हा सर्वांनाच सोडावे लागेल, हे मुलांना अजून सांगितलेले नाही.