हॅलोविन आणि पुठ्ठ्याचा खोका : तुमचे अनुभव लिहा

ऑक्टोबर लागला की गराजमधले रिकामे खोके ठेवायचे की रिसायकलिंगला काढायचे यावरून आमच्या घरात धुसफुस सुरू होते. यंदा कन्येने (वय ७) ‘मला वॉशिंग मशीन व्हायचंय’ असं जाहीर केल्यामुळे खोके जिंकले. गेल्या वर्षी विकत आणलेल्या पोशाखाची शिवण तिसऱ्या-चौथ्या घरापाशीच उसवली होती, त्यामुळे नवराही गप्प आहे.

तर ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी (पोरं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं गोळा करतात तो सण) पुठ्ठ्यातून ज्यांनी काही उभं केलंय (किंवा करायला जाऊन पाडलंय), त्यांनी लिहा. मापं, कशाने चिकटवलं, पोराने किती वेळ अंगावर ठेवलं, सगळं. ‘आमचा आपला साधा खोका’ म्हणून लाजू नका. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या नॅशनल टॉय हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे नावाजलेल्या खेळण्यांच्या मानाच्या यादीत, २००५ सालीच पुठ्ठ्याच्या खोक्याला मानाने घेतलंय.

एडिसन, न्यू जर्सी

आमचा लाल डबा. म्हणजे एसटी. चिरंजीवांना फायर ट्रक हवा होता, पण रंगवणारा मी होतो. सामान हलवायला मिळतात ते १८ × १८ × १६ इंचांचे दोन खोके एकामागे एक जोडले, तळ काढून टाकला, पुढच्या खोक्याच्या वरच्या बाजूला पोराचं डोकं आणि खांदे बाहेर येतील एवढं भोक. जुन्या दप्तराचे पट्टे आतून बांधले, म्हणजे गाडी खांद्यावर राहते आणि हात मोकळे. पाटी ‘पुणे–नगर’, कारण १ जून १९४८ला पहिली एसटी त्याच मार्गावर धावली. मागे ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ लिहून खरोखर उघडणारं दार केलं. ते गंमत म्हणून केलं होतं, पण अर्ध्या वाटेत पोराला शू लागली तेव्हा त्याच दारातून त्याला बाहेर ओढला.

प्रत्येक दारात ‘वॉव, फायर ट्रक!’. पहिल्या दोन घरी त्याने ‘नो, एसटी’ म्हणून सांगून पाहिलं. पुढे नुसतं ‘थँक यू’ म्हणून चॉकलेट घ्यायला लागला. हे २०२४चं. त्या वर्षी आमच्याकडे लक्ष्मीपूजनही ३१लाच होतं, त्यामुळे आरतीच्या फोटोत समईच्या बाजूला एसटी उभी आहे.

मिनियापोलिसजवळून

इथे आधी जाकीट, मग पोशाख. हाताची भोकं जाड जाकिटावरून मापा, नाहीतर रोबोटचे हात कोपराशीच अडकतात (आमचे अडकले). आणि पुठ्ठा ओला झाला की पापडासारखा लुळा पडतो. आता मी सगळ्या कडा आणि खालची चार बोटं जागा रुंद चिकटपट्टीने मढवते. शेजारच्या आजी दरवर्षी १९९१च्या हॅलोविनचं हिमवादळ सांगतात. त्या तीन-चार दिवसांत शहरात २८ इंचांवर बर्फ पडला होता. त्यापुढे आमच्या रोबोटचं दुःख फार नाही.

सॅन होजे

माझे बाबा डोंबिवलीहून आले होते. हयात गणपतीची मखरं करण्यात गेलेली, त्यातही २०१८ला थर्माकोलवर बंदी आल्यापासून फक्त पुठ्ठा. नातवाला दीपस्तंभ व्हायचं होतं. मी पुठ्ठा गोल करायला घेतला तर जागोजागी मोडायला लागला. बाबांनी तो हातातून काढून घेतला, कड दाखवली. आत नागमोडी कागद असतो, त्याच्या बारीक नळ्या होतात. नळ्या उभ्या ठेवून गुंडाळला की पुठ्ठा वळतो, आडव्या ठेवल्या की मोडतो. इतकी वर्षं खोके फोडतोय, कधी कड बघितली नव्हती.

घडीसाठी त्यांनी संपलेलं बॉलपेन मागितलं. पट्टी धरून त्याने दाबून रेघ मारायची आणि मग दुमडायचं, कागद फाटत नाही. ग्लू गन दाखवली तर ‘हे बंदुकीचं काम नाही’ म्हणाले आणि मैद्याची खळ शिजवली. ती वाळायला रात्र गेली, पण शिवण कुठे उकलली नाही. दिव्याची खोली वेगळी, खांब वेगळा, दोन्ही खाचांत बसणारे. खाच पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच, केसभर जास्त नाही. मखर जसं सुटं करून माळ्यावर जातं तसं. म्हणूनच चार फुटांचा दीपस्तंभ आमच्या छोट्या गाडीत मावला. बाबांना हॅलोविन म्हणजे नेमकं काय ते शेवटपर्यंत पटलं नाही. पण आता व्हिडिओ कॉलवर ‘यंदा काय?’ हा प्रश्न तेच पहिला विचारतात.

ऑस्टिन

माप मूल उभं असताना घेतो आपण. बसवूनही घ्या. आमचा फ्रिज शाळेच्या बसमध्ये बसू शकला नाही, मला ऑफिसातून उठून जावं लागलं.

टोरांटो

एक काळजीचं. दारातल्या कोरलेल्या भोपळ्यात बऱ्याच ठिकाणी खरी मेणबत्ती असते आणि खोक्यातल्या मुलाला स्वतःच्या पायाजवळचं दिसतच नाही. आमच्या ड्रॅगनची क्रेप कागदाची शेपटी भोपळ्यावरून गेली, एक कोपरा काळा झाला. विझवली लगेच, पण त्या रात्री मला झोप नाही. तेव्हापासून झिरमिळ्या बंद, शेपटी गुडघ्याच्या वर. आमच्या भोपळ्यात बॅटरीचा दिवा. आणि पाठीवर चमकणारी पट्टी, कारण पुठ्ठ्याचा तपकिरी रंग अंधारात गाडीवाल्याला दिसत नाही.

पुणे

आमच्या सोसायटीत हल्ली हॅलोविन असतं, पण मला आठवते ती शाळेतली फॅन्सी ड्रेस. मी पोस्टाची पेटी. वाण्याकडून बिस्किटांचा खोका आणला, आईने लाल घोटीव कागद लावला. ‘मी आहे पोस्टाची पेटी, सुखदुःखं माझ्या पोटी’ एवढं म्हणायचं होतं. दुसऱ्या ओळीपर्यंत आतल्या चुऱ्याला लागलेल्या मुंग्या माझ्या बनियनमध्ये पोचल्या होत्या. बक्षीस मिळालं, उत्तेजनार्थ, ‘अभिनयासाठी’. तर खोका आतून झटकून घ्या.

अमेरिकेतल्या पोरांना ओळी म्हणायच्या नसतात, हे फारच सोयीचं आहे.

धागाकर्ती

सॅन होजेकर, बाबांना नमस्कार सांगा. नळ्यांची गोष्ट वाचली आणि कालचं मशीनचं गोल दार फेकून पुन्हा केलं. काचेच्या जागी सॅलडच्या डब्याचं पारदर्शक झाकण, आत तिचेच दोन मोजे. बसवूनही माप घेतलं, ऑस्टिनकर. खालून सहा इंच कापावे लागले.

आज सकाळी नाश्त्याला कळलं की आता ड्रायर व्हायचंय. पाण्याची नळी तेवढी काढून टाकली.