‘स्पेअरिंगली सोल्युबल’ला मराठीत काय म्हणाल?

टिपणी: एका औषधाच्या माहितीपत्रकाचं भाषांतर अडलंय. औषधकोशात विद्राव्यतेच्या सात पायऱ्या असतात आणि प्रत्येकीला आकडा बांधलेला असतो. 1 भाग औषधाला 30 ते 100 भाग द्रावक लागला तर ‘स्पेअरिंगली सोल्युबल’, 100 ते 1000 लागला तर ‘स्लाइटली’, 1000 ते 10000 लागला तर ‘व्हेरी स्लाइटली’. पहिल्याला मी ‘अल्पविद्राव्य’ केलं. तपासनीसांनी तो खोडून दुसऱ्याला दिला. औषध पॅरासिटामॉल आहे, म्हणजे ‘स्पेअरिंगली’च्या पायरीवरचं. दोन शब्द शेजारी ठेवले की जास्त कोणतं विरघळतं ते कळायला हवं.

धातुरूप: मितविद्राव्य, अल्पविद्राव्य, अत्यल्पविद्राव्य. मितभाषी माणूस बोलतो, पण मोजकं. ‘मित’मध्ये मोजमाप आहे, ‘अल्प’मध्ये कमतरता.

चंचुपात्र: मितविद्राव्य छान आहे, पण शेजारी आकडा द्याच. आणि नुसतं ‘खोलीच्या तापमानाला’ लिहू नका, अंश लिहा. पुण्यात जानेवारीच्या पहाटेची खोली आणि एप्रिलच्या दुपारची खोली एक नव्हे. पॅरासिटामॉल 25 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 14 ग्रॅम विरघळतं, म्हणजे 1 भागाला साधारण 70. उकळत्या पाण्यात 1 ला 20 पुरतं, पायरीच बदलली! मसुद्यात कुठे ‘पाण्यात वितळते’ असेल तर तेही काढा. वितळायला उष्णता लागते, विरघळायला द्रावक. पॅरासिटामॉल वितळतं 170 अंशांच्या आसपास.

ठिबक: चहात साखर वितळली असं घरोघरी म्हणतात. ते चूक कसं?

धातुरूप: व्युत्पत्तीही ठिबक यांच्याच बाजूने आहे. द्रव, द्रावक, द्रावण सगळे ‘द्रु’ धातूचे. द्रु म्हणजे धावणे, वाहणे. मन द्रवतं तेव्हा ते कशात विरघळत नाही, पाघळतं. म्हणजे द्रावण या शब्दाच्या पोटातच वितळणं आहे.

चंचुपात्र: पोटात असू दे. बर्फ वितळला की एकच पदार्थ हाती राहतो, मीठ विरघळलं की दोन. भाषेने हा फरक दोन क्रियापदांत आयता दिलाय, तो पुसायचा कशाला? माझी खरी तक्रार वेगळी आहे. ‘विद्राव्यतेवर परिणाम करणारे घटक’ या मथळ्याखाली ढवळणं आणि पूड करणं घालतात. त्याने विरघळण्याचा वेग वाढतो, विद्राव्यता जागची हलत नाही. विद्राव्यता म्हणजे मर्यादा. 100 ग्रॅम पाण्यात मीठ 20 अंशांना 36 ग्रॅम, उकळत्यात 39 च्या आसपास, कितीही घुसळा. पोटॅशियम नायट्रेट 20 अंशांना 32 आणि 60 अंशांना 110. चुना तर उलटा, पाणी तापवलं की कमी विरघळतो. दाबाने मर्यादा हलते ती मुख्यतः वायूंची. सोड्याची बाटली उघडली की दिसतंच.

ठिबक: विद्राव्य हा शब्द आता पुस्तकापुरता राहिलेला नाही. मार्केट यार्डात, नारायणगावच्या दुकानांत ‘विद्राव्य खत’ म्हणूनच मागतात, 19:19:19, 13:00:45 (आकडे नत्र, स्फुरद, पालाशाच्या टक्क्यांचे). पण शेतकऱ्याच्या लेखी विद्राव्य म्हणजे तळाला काही न ठेवता पूर्ण विरघळणारं. त्याला ‘मितविद्राव्य’ म्हटलं तर तो पिशवी परत करेल. 13:00:45 म्हणजे चंचुपात्र यांचं पोटॅशियम नायट्रेटच. पाण्यात पडलं की पाणी गार पडतं, आणि गार पाण्यात ते आणखी कमी मावतं. म्हणून 100 लिटरला 30 किलो एकदम ओतायचं नाही, थोडं थोडं टाकायचं. दुपारी काठोकाठ केलेलं द्रावण थंडीच्या पहाटे खडे धरतं. दुसरा घोळ कॅल्शियम नायट्रेटचा. त्याच टाकीत 00:52:34, म्हणजे फॉस्फेटचं खत, गेलं की पांढरा साका बसतो आणि ड्रिपर चोंदतात.

चंचुपात्र: तो कॅल्शियम फॉस्फेटचा अवक्षेप, म्हणजे द्रावणात नव्याने तयार होऊन बाहेर पडलेला न विरघळणारा पदार्थ. खडे आणि हा, दोन्हींना साका म्हणू नका. खडे कोमट पाण्यात परत जातील, अवक्षेप जाणार नाही.

ठिबक: ॲसिड सोडलं की फॉस्फेट जातं. मॅग्नेशियम सल्फेट मिसळून जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) झालं तर मात्र ॲसिडलाही दाद देत नाही. म्हणून दोन टाक्या, कॅल्शियम एकीत, फॉस्फेट-सल्फेट दुसरीत. पण साका हाच शब्द बरोबर आहे. अवक्षेप म्हटल्यावर मळ्यात कोण वळून बघणार?

धातुरूप: साका म्हणजे तळाशी बसलेलं. नळीत, ड्रिपरच्या तोंडाशी अडकलेलं तळाशी कुठे आहे? आणि तुरटीने खाली बसतो तो गाळ आधीपासून पाण्यातच असतो, नव्याने तयार होत नाही. तोही साकाच ना? मग फरक शब्दात दिसणार कसा?

ठिबक: मातीचा असेल तर गाळ, खताचा असेल तर साका. मळ्यात कुणाचा गोंधळ होत नाही.

टिपणी: ‘मितविद्राव्य’ आकड्यासकट पाठवला आहे. सातव्या पायरीचं, 1 भागाला 10000 च्या वर, काय करायचं? मूळ शब्द ‘प्रॅक्टिकली इनसोल्युबल’ आहे, नुसतं ‘अविद्राव्य’ लिहिलं तर ‘प्रॅक्टिकली’ गळतं.

चंचुपात्र: थांबा, आधी साक्याचं. कॅल्शियम नायट्रेट आधी विरळ करून टाकलं तरी अवक्षेप येतोच का, हे ठिबक यांनी सांगावं.