फॅन कॉमिकचे पैसे घ्यावे का नाही? बहिणीच्या स्टॉलवरून पडलेला प्रश्न

बर्डीवाला: माझी धाकटी बहीण एका जपानी कार्टूनच्या हिरोवर मराठीत कॉमिक काढते. 32 पानं. हिरो मे महिन्यात नागपुरात येतो, फुटाळा तलावावर बसतो, आणि पहिल्यांदा तर्री पोहे खाऊन त्याच्या डोळ्यात पाणी येतं, ते पान तिनं चारदा काढलं कारण तर्रीचा लाल रंग तिच्या मनासारखा येतच नव्हता. गॅदरिंगला 60 प्रती छापल्या, प्रतीमागे 70 रुपये खर्च, 100 ला एक विकली. तिथं एक सर सगळ्यांसमोर म्हणाले ही चोरी आहे. पोरगी घरी येऊन रडली. माझं म्हणणं, पात्र दुसऱ्याचं असलं तरी गोष्ट तिची, चित्रं तिची, रात्रीची जागरणं तिची, मग पैसे तिला मिळालेच पाहिजेत.

इतवारीचा_चित्रकार: भाऊ, वाईट वाटलं वाचून, पण मी दुसऱ्या बाजूचा आहे. मारबतीचं, म्हणजे आपल्या मिरवणुकीतल्या त्या मोठ्या पुतळ्याचं, माझं चित्र कोणीतरी टी-शर्टवर छापून विकलं, रंग थोडे बदलले न् म्हणे आम्ही तुमचे फॅन. एक रुपया नाही, साधं विचारलंही नाही. मारबत सगळ्या नागपूरची, पण ती रेषा माझी होती ना! प्रेम आहे म्हणून कोणी काटोलच्या बगीच्यातली संत्री तोडून विकते का? 1957 च्या कॉपीराइट कायद्यात रूपांतराचा हक्क मूळवाल्याचाच आहे, कलम 14.

रातकिडा: चित्रकार भाऊ, तुमचं चित्र जसंच्या तसं छापलं, ती चोरीच. इथं नवीन गोष्ट आहे, फरक करा. टोकियोत 1975 पासून कॉमिकेट नावाचा फॅन कॉमिकचा मेळा भरते, लोकं स्वतःचे फॅन कॉमिक छापून विकतात न् प्रकाशक बहुतेक वेळा डोळेझाक करतात. क्लॅम्प हा नावाजलेला जपानी कॉमिकवाल्यांचा ग्रुप अशाच फॅन कॉमिकमधून वर आला.

इतवारीचा_चित्रकार: डोळेझाक म्हणजे हक्क नाही. उद्या डोळे उघडले तर नोटीस त्या पोरीच्या घरी येईल, तेव्हा कोण उभं राहणार?

मॉडवाला_सक्करदरा: मी गेमचे मॉड करतो, म्हणजे दुसऱ्याच्या गेममधे आपले बदल न् भर, फुकट देतो न् फुकटच देणार. 2015 मधे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात स्कायरिम या गेमचे मॉड विकणं सुरू झालं होतं, करणाऱ्याला 25 टक्के, बाकी कंपन्यांकडे. त्यात एका विकायच्या मॉडमधे दुसऱ्याचं फुकटचं काम निघालं, भांडणं लागली, आठवडाभरही टिकलं नाही. आधी आम्ही एकमेकांच्या फाइली बिनधास्त उघडून शिकत होतो. पैसा आला की पहिला प्रश्न येतो, हे कोणाचं?

रातकिडा: 25 टक्के हाच तर अन्याय होता राजेहो! वाटा चुकला म्हणून मोबदलाच नको, हे कसं काय?

धरमपेठकर_ताई: आपल्या कायद्यात गाण्यांसाठी रस्ता आहे. 2012 च्या दुरुस्तीनं 31सी कलम आलं, मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं झाली की आधी कळवून, रॉयल्टी भरून कव्हर, म्हणजे तेच गाणं नव्यानं गाऊन, काढता येतं, मालक अडवू शकत नाही. असं कॉमिकला का नको? फक्त तिथं वर्षाला किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी भरावी लागते, 60 प्रतीवाल्या पोरीनं कुठून आणायची? लहान लोकांसाठी वेगळा दर पाहिजेच. तोवर शेरलॉक होम्स घ्या. लेखक कॉनन डॉयल 1930 मधे गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क चालतो, म्हणजे तो कधीचा मोकळा झाला.

बर्डीवाला: ताई, होम्सचं सांगितलं तिला. म्हणते, दादा, मी त्याला ओळखतच नाही, याच्यासोबत मी दहावीपासून आहे. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चित्रकार भाऊ, तुमच्या टी-शर्टची गोष्टही तिला वाचून दाखवली, ती बराच वेळ गप्प होती. मग स्वतःच म्हणाली, उरलेल्या 18 प्रती नाही विकत. प्रकाशकाला मेल लिहून राहिली आहे, प्रतीमागे 10 रुपये तुम्हाला देते, चालेल का म्हणून. सोबत तर्री पोह्याचं पान जोडलंय.