साडेपाच वर्षांची मुलगी, घरीच शिकवतोय. वाचायला कधी बसवायचं?

गंगापूररोडची आई:
नमस्कार, मुलगी साडेपाचची, ज्युनिअर केजी अर्धवट सोडून घरी आणलं कारण रोज पान पान भरून अ अ अ गिरवायला द्यायचे आणि ही रात्री झोपेत रडायची. आता गोष्टी ऐकायला तासन्तास बसते, मी एक वाक्य गाळलं तरी लगेच पकडते, पण अक्षरांची कार्डं काढली की उठून पळते. जावेचा मुलगा हिच्याच वयाचा, पेपरातले मथळे वाचतो, त्यामुळे सासूबाई रोज विचारतात हिला कधी येणार. तयार झालीय हे ओळखायचं कशावरून?

पंचवटीकर:
ताई, डोळ्यांआधी कान बघा. मोठ्याला मी चौथ्या वर्षीच फळ्यासमोर बसवलं, अख्खी मुळाक्षरं धडाधड म्हणायचा पण 'कमळ' लिहिलं की क, म, ळ म्हणून गप्प, शब्द जुळायचाच नाही, आणि मी त्याच्यावर ओरडायचे, ते आजही मनाला लागतं. धाकटीच्या वेळी वर्षभर पाटीला हात लावला नाही, नुसते तोंडी खेळ. म आणि ध मिळून काय? मगरमधला म काढला तर काय उरलं? भेंड्या लावताना शेवटचं अक्षर बरोबर उचलायला लागली तेव्हा वाटलं आता जमेल. मग एकदा स्टॉपवर निमाणीची बस आली तर पाटी बघून म्हणते, आई, नि मधे वेलांटी आधी का काढतात, ऐकू तर न आधी येतो ना? त्याच आठवड्यात सुरुवात केली, दिवाळीपर्यंत गोष्टीचं छोटं पुस्तक वाचलं तिने.

निवृत्त बाई:
वरच्या ताईंचं पटलं. पहिलीचे वर्ग बरीच वर्षं घेतले म्हणून सांगते, अ आ इ ई क्रमाने जायची गरज नाही, ग म भ न पासून किंवा तिच्या स्वतःच्या नावापासून सुरू करा. जोडाक्षरं आणि रफार शेवटी. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षर उलटं काढलं तरी घाबरू नका. मात्र सात उलटून गेल्यावरही यमक कळत नसेल, किंवा पुस्तक अगदी नाकाशी धरत असेल तर थांबू नका, डोळे आणि कान दोन्ही तपासून घ्या. फिनलंडमध्ये शाळाच सातव्या वर्षी सुरू होते, हे सासूबाईंना सांगा. आणि आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात न्या तिला, १८४० पासूनचं आहे ते, पुस्तक तिलाच निवडू द्या.

इंदिरानगर बाबा:
कागदपत्रांचं पण डोक्यात ठेवा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, तो ६ ते १४ वयाला लागू होतो आणि त्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, म्हणून सहा पूर्ण व्हायच्या आत जाणकाराशी बोलून घ्या. होमस्कूलिंगवाले बरेच जण पुढे एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, दहावी देतात, त्याला १४ पूर्ण लागतात. जन्मदाखला आणि आधारवरचं नाव आत्ताच जुळवून ठेवा, आम्हाला नंतर फार खेटे घालावे लागले.

गंगापूररोडची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. कार्डं कपाटात टाकली. काल भाजी निवडताना सहज विचारलं, मगरमधला म काढला तर? थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, गर! कवठातला!