पोलीस वाईट नसला तरी अख्खं खातं वर्णद्वेषी कसं?

सायली_नाशिक: अमेरिकेतल्या पोलिसांबद्दल वाचताना 'संस्थात्मक वर्णद्वेष' हे सारखं येतं. एखादा पोलीस द्वेष्टा असू शकतो हे पटतं, पण पूर्ण खातंच तसं म्हणजे काय? भाऊ ह्यूस्टनला असतो, तो म्हणतो काळ्यांच्या वस्तीत गुन्हे जास्त म्हणून त्यांना जास्त अडवतात, बाकी काही नाही. कुणी नीट समजावेल का, खरंच समजून घ्यायचंय.

परागकण: फर्ग्युसनचं उदाहरण घे, मिसुरी राज्यातलं छोटं शहर. ऑगस्ट २०१४ मध्ये मायकल ब्राउन हा १८ वर्षांचा मुलगा तिथे पोलिसाच्या गोळीने गेला, मग केंद्राच्या न्याय खात्याने तिथल्या पोलीस आणि कोर्टाची चौकशी केली, अहवाल मार्च २०१५ चा. गावात कृष्णवर्णीय ६७ टक्के, पण अडवलेल्या गाड्यांमध्ये ८५ आणि अटकेत ९३ टक्के. आता तुझा भाऊ म्हणेल गुन्हेच जास्त, तर पुढचं बघ. गाडी अडवल्यावर काळ्या ड्रायव्हरची झडती व्हायची शक्यता गोऱ्याच्या दुपटीहून जास्त, आणि झडतीत बेकायदा काही सापडायचं प्रमाण मात्र २६ टक्क्यांनी कमी! म्हणजे संशयच चुकीच्या माणसांवर जात होता.

मिलिंद_शार्लट: आणि हे का होत होतं तेही बघा, कारण शहराचं बजेटच दंडावर चालायचं. जास्त पावत्या फाडा असा दबाव वरून, थेट शहराच्या अर्थ विभागाकडून पोलीस प्रमुखांवर. अहवालातली एक बाई आहे, २००७ मध्ये एकदा गाडी चुकीची लावली, दंड १५१ डॉलर अधिक फी. पैसे नव्हते, तारखा चुकल्या, की नवा गुन्हा, नवी फी, वॉरंट. दोनदा अटक, सहा दिवस कोठडी. मधे ती २५ आणि ५० डॉलरचे हप्ते घेऊन गेली तर कोर्टाने परत पाठवले, पूर्णच भरा म्हणे. २०१४ संपेपर्यंत ५५० डॉलर भरून झाले होते आणि तरी ५४१ बाकी!! आता सांगा यात पावती फाडणारा पोलीस मनाने कितीही चांगला असला तरी काय फरक पडणार होता?

सायली_नाशिक: बापरे. म्हणजे कुणाच्या मनात काहीच नव्हतं, सगळा सिस्टिमचाच दोष?

परागकण: नाही नाही, तसंही नाही. त्याच चौकशीत अधिकाऱ्यांचे वर्णद्वेषी ईमेल सापडलेत, मनातलंही होतंच. पण ते चार लोक काढले तरी पावत्यांचा दबाव आणि कोर्टाचे नियम तसेच राहतात ना. रस्त्यातून नीट न चालण्याचा एक गुन्हा होता तिथे, त्यात ९५ टक्के काळे, आणि मायकललाही आधी रस्त्याच्या मधून चालतो म्हणूनच हटकलं होतं. लंडनचं पण असंच, स्टीफन लॉरेन्स या काळ्या मुलाच्या खुनाच्या तपासावरून १९९९ मध्ये मॅकफर्सन अहवालाने मेट म्हणजे लंडनच्या पोलीस दलाला संस्थात्मक वर्णद्वेषी ठरवलं आणि २०२३ च्या केसी अहवालात पुन्हा तेच, मधल्या २४ वर्षांत किती पोलीस आले नि रिटायर झाले असतील.