टायरची आग, शेजारची विहीर: पाण्यात नेमकं काय तपासायचं?

ओहोळकाठची
आमचं घर वाडा तालुक्यात. एप्रिलअखेर जवळच्या भंगार टायरच्या गोदामाला आग लागली. बंबांचं पाणी काळं, तेलकट होऊन ओहोळात उतरलं. ओहोळ आता आटलाय, पण दगडांवर चिकट थर तसाच आहे. आमची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर. पाणी नितळ दिसतं, पण कळशीत रात्रभर राहिलं की डांबरासारखा वास मारतं. ग्रामपंचायतीतर्फे तपासणी झाली, 'पिण्यास योग्य' असा अहवाल आला. सासूबाई म्हणतात, आता कशाला घाबरतेस? पण मुलगा दोन वर्षांचा आहे, माझा जीव होत नाही. काय करू?

नमुनेवाला
ताई, वास येतोय ना, मग ते पाणी आजपासून प्यायला आणि स्वयंपाकाला बंद करा. उकळूनही नको. उकळल्याने जंतू मरतात, पण पीएएच (काहीही अर्धवट जळताना तयार होणारी घातक रसायनं) जात नाहीत, आणि बेंझीन हे चटकन उडणारं विषारी रसायन असेल तर वाफेबरोबर घरात पसरतं.

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. तुमचा अहवाल खोटा नसेल, पण त्यात सामू, कठीणपणा, नायट्रेट, जंतू एवढंच पाहिलेलं असतं. टायर पूर्ण जळत नाही, आतून शिजतो आणि तेल सोडतो. मोटारीच्या एका टायरमधून सात लिटरपर्यंत. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विंचेस्टरजवळ १९८३ मध्ये टायरचा ढीग पेटला, तो महिनोन् महिने धुमसला आणि तेल ओढ्यात गेलं. तुमच्या ओहोळातला थर त्याच जातीचा.

म्हणून पीएएच, फिनॉल, बेंझीन-टोल्युइन, खनिज तेल, जस्त आणि शिसं, असं नाव घेऊन मागा. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेची मान्यता याच चाचण्यांसाठी आहे का, तेही विचारा. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पीएएचची मर्यादा लिटरला ०.०००१ मिलिग्रॅम आहे. यंत्र त्याच्या खालचं मोजू शकत नसेल तर 'आढळले नाही' या शेऱ्यावर विसंबू नका.

बाटल्या प्रयोगशाळेकडूनच घ्या. पीएएचसाठी तपकिरी काचेची, कारण प्लॅस्टिकला ते चिकटतात. बेंझीनची छोटी कुपी काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका. सगळं बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवा. डिझेल इंजिनाने उपसलेलं पाणी नको. जस्ताच्या नमुन्याला पत्र्याची बादलीही नको, तिच्यावर जस्ताचाच मुलामा असतो. टायरच्या राखेत जस्त भरपूर असतं, त्यामुळे विहिरीत ते वाढलेलं दिसलं तर राखेचं पाणी पोचल्याची ती चांगली खूण.

मळेकरी
वहिनी, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, त्यात विहीर आणि ओहोळ दोन्ही लिहायला लावा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. तुम्ही एकट्याने काढलेला नमुना उद्या समोरचा मानणार नाही. मंडळाचा माणूस हजर असताना काढलेला मानावा लागेल. आणि राख मृगाच्या आधी उचलायला लावा, निदान ताडपत्रीने झाकायला लावा. एक पाऊस झाला की सगळं ओहोळात.

ओहोळकाठची
उद्याच तलाठी कार्यालयात जाते. शेतातल्या मातीचं काय? राब भाजून झालाय, भात तिथेच पेरायचा आहे.

नमुनेवाला
मातीचा नमुना वरच्या पाच सेंटिमीटरचाच घ्या. काजळी वरच बसते, खोल खणलं की चांगल्या मातीत मिसळून आकडा खाली येतो. एक नमुना धूर गेला त्या बाजूचा, दुसरा उलट्या बाजूचा, तुलनेसाठी. दोन्ही राबापासून लांब घ्या. पालापाचोळा, शेण भाजलं की त्यातूनही पीएएच तयार होतात, मग दोष टायरचा की राबाचा हे सांगता येणार नाही. निकाल येईपर्यंत पेरणी त्या उलट्या बाजूला करता आली तर करा. धुराच्या बाजूचा माठ, चवळी मुलाला देऊ नका, काजळी पानांवर बसते.

विहिरीच्या पाण्याचा पहिला नमुना पावसाआधी घ्या आणि दुसरा ओहोळ वाहू लागल्यावर. विहिरीत खरी भर तेव्हा पडेल. अहवाल हाती आला की आकडे इथे टाका, मी बघतो.